ट्रेडमिलची लाल दोरी

त्या मे महिन्यात आम्ही ट्रेडमिल घेतली नाही आणि बाबा दुकानापासून घरापर्यंत चालत आले.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरा. कोणी कुठून कुठेही चालत आलेलं नाही. अकोल्यात संध्याकाळ व्हायला आली तरी ऊन काही हलायला तयार नाही. मी आणि बाबा 'बलवंत फिटनेस'च्या काचेच्या दारासमोर उभे आहोत, आम्हाला सोडून ऑटो निघून गेलाय, आणि बाबा तोंडाला गुंडाळलेल्या दुपट्ट्याच्या आतून विचारतायत,

"यायले माहीत आहे का, मी येऊन राह्यलो म्हनून?"

"कोणाला?"

"दुकानवाल्याले."

"बाबा, दुकान आहे ते. कोणीही येतं."

"मंग ठीक."

उन्हाळ्यात आमच्याकडे सगळेच तोंड बांधून फिरतात. कोण दरोडेखोर आणि कोण पोस्टमन हे जूनपर्यंत कळत नाही. त्यामुळे बाबांच्या दुपट्ट्याचं मला काही वाटलं नाही. आत एसी होता. आत गेल्यावरही त्यांनी तो सोडला नाही, तेव्हा थोडं वाटलं.

बाबा एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. फेब्रुवारीत सकाळी दूध आणायला गेले आणि डेअरीच्या चौकात पडले. हृदयाचं निघालं. डॉक्टरांनी नळीत स्प्रिंग टाकली, गोळ्यांचा डबा दिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "याच्यापुढे औषध म्हणजे चालणं. हा माणूस घरात बसून राहिला तर परत इथेच आणाल, आणि त्या वेळी माझ्या हातात काही असेल असं समजू नका."

बाबा घरात बसून राहिले.

आधी म्हणाले, गल्लीत कुत्री फार झाली. मग म्हणाले, गटारासाठी रस्ता खोदलाय. मग समोरच्या मोहोडांकडे लग्न निघालं, मांडवातून कसं जायचं. कुत्र्यांना नगरसेवकाची गाडी घेऊन गेली, गटार बुजलं, मोहोडांची मुलगी सासरी जाऊन माहेरपणाला परत आली, तरी बाबा फाटकाबाहेर पडले नाहीत. खुर्चीत बसायचे आणि उजवी टाच फरशीवर आपटत राहायचे. टक टक टक. पूर्ण दिवस.

मी तेव्हा घरातूनच कॉम्प्युटरवर काम करायचो. ते काम नेमकं काय आहे हे आईला कधीच कळलं नाही आणि माझंही तसं नक्की नव्हतं. पण आतल्या खोलीत बसलो तरी एक कान त्या टाचेकडे असायचा. टाच थांबली की मी उठून पळत बाहेर. बाबा पेपरचं पान उलटत असायचे.

"काय झालं?"

"काही नाही. पाणी प्यायला आलो."

त्या दिवसांत मी इतकं पाणी प्यायलो की आई मलाच डॉक्टरकडे न्यायचं म्हणत होती.

शेवटी ट्रेडमिलचं ठरलं. माणूस रस्त्यावर जात नसेल तर रस्ता घरात आणावा. आईने पलंग सरकवून खिडकीपाशी जागा केली आणि त्या जागेचं माप म्हणून परकराचा जुना नाडा माझ्या खिशात कोंबला. पहिल्या गाठीपर्यंत रुंदी, दुसऱ्या गाठीपर्यंत लांबी.

"गाठीच्या बाह्यर गेलं तं आनू नको," ती म्हणाली. "अन् दांडे पाहून घेजो. चार कपडे तरी वाळले पाह्यजेत."

आईचा मशीनवर विश्वास नव्हता. दांड्यांवर होता.

दुकानाचे मालक गुल्हाने. मध्यम वयाचे, टापटीप, आणि त्यांना एक विद्या येत होती. मी आत पाऊल टाकल्याबरोबर ते म्हणाले, "बहात्तर."

"काय बहात्तर?"

"वजन. नजर बसलीय आता. परवा एका नवरदेवाचं अर्ध्या किलोने चुकलं, पण त्याच्या खिशात नारळ होता." मग त्यांनी बाबांकडे पायापासून दुपट्ट्यापर्यंत पाहिलं. "काका चौपन्न."

"नाही हो," मी म्हणालो, "बाबा सत्तरच्या आस..."

बाबांच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती. रोज समोर बसलेल्या माणसाचा पट्टा आपण पाहत नाही.

"चौपन्नच," बाबा म्हणाले. "मशीन दाखवा."

दुकानाच्या आतल्या भिंतीला पूर्ण आरसा होता आणि सगळ्या ट्रेडमिल आरशाकडे तोंड करून उभ्या होत्या. म्हणजे चालणाऱ्याला समोर तो स्वतः दिसायचा आणि पाठीमागे काचेपलीकडचा रस्ता. गुल्हान्यांनी पहिल्या मशीनवर हात ठेवला.

"ही घडीची. वापरून झाली की उभी करून भिंतीला लावायची."

"चालता चालता घडी झाली तं?"

"होत नाही काका."

"आमच्या डेपोत सीट व्हायची. शेगावच्या गाडीत एक मास्तर घडीत गेले होते."

गुल्हाने दुसऱ्या मशीनकडे सरकले. "ही बघा. हिच्यात नुसतं चालणं नाही, प्रोग्राम आहेत. जंगलातून चाला, डोंगर चढा, समुद्रकिनारा आहे."

"अकोल्यात समुद्र?"

"स्क्रीनवर दिसतो."

"अन् पोहोचते कुठं?"

"कुठेच नाही. जागेवरच. तोच तर फायदा आहे."

बाबांनी विचार केला. "एवढं चालून जागेवरच. उतारू बोंबलत नाहीत?"

गुल्हान्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आरशाकडे पाहिलं. आरशात मी आधीच स्वतःकडे बघत होतो.

तिसरं मशीन काळं, साधं, बिनसमुद्राचं. बाबा त्याच्यावर चढले. मला वाटलं, जमलं. पण ते मागच्या बाजूने, एसटीच्या पायऱ्या चढल्यासारखे चढले, दोन पावलं पुढे गेले, स्क्रीनला पाठ टेकवली, पाय फाकवले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

"काका, तोंड इकडे," गुल्हाने म्हणाले.

"तिकडं काय आहे?"

"पुढची बाजू."

"पुढं डायवर पाह्यते."

"इथे ड्रायव्हर नसतो काका."

"मंग पुढं कोन पाह्यते?"

गुल्हान्यांनी चालू करण्याच्या बटणाकडे हात नेला, तसं बाबा म्हणाले, "चालू नका करू. आधी सांगा, थांबते कशी?"

तेव्हा गुल्हान्यांनी ती दोरी दाखवली. हातभर लांब, लाल रंगाची. एका टोकाला कपड्याला लावायचा चिमटा आणि दुसऱ्या टोकाला प्लास्टिकची लाल किल्ली, मशीनच्या छातीत खोचलेली.

"चिमटा शर्टाला लावायचा. समजा तोल गेला, माणूस पडला, की दोरीला हिसका बसतो, किल्ली बाहेर येते आणि मशीन जागच्या जागी बंद."

इतक्या वेळात पहिल्यांदा बाबांचे डोळे दुपट्ट्याच्या जरा बाहेर आले.

"दोरी ओढली की थांबते?"

"लगेच."

"अन् दोनदा ओढली की निघते?"

"नाही. निघायला बटण आहे."

"चूक आहे हे," बाबा म्हणाले. पण दोरी काही त्यांनी सोडली नाही. अंगठ्याने ती चोळत राहिले. "अन् पडल्यावर कोन येते?"

"कुठे?"

"माणूस पडला. मशीन थांबलं. मंग कोन कोन येते?"

"कोणी यायची गरजच नाही!" गुल्हाने खुलले. गिऱ्हाइकाची नाडी सापडली असं त्यांना वाटलं. "दार लावून घ्या आणि चाला. पडलात तरी घरातल्या घरात. बाहेर कोणाला पत्ता लागत नाही."

"पत्ता लागत नाई," बाबा स्वतःशी म्हणाले. मग मोठ्याने, "हेच पाह्यजे."

मी ताबडतोब खिशातून नाडा काढला आणि मशीनला लावला. दुसरी गाठ अगदी काठावर बसली. दांडे चांगले लांब होते, एक साडी दुहेरी घालून वाळली असती. मला आतून इतकं हलकं वाटलं की गुल्हान्यांनी तेव्हा पाहिलं असतं तर सत्तर म्हणाले असते.

"पन पाह्यल्याशिवाय घेत नाई मी," बाबा खाली उतरत म्हणाले. "पडून दाखवा."

"काय?"

"कोनीतरी पडून दाखवा. दोरी काम करते का नाई ते पाह्यतो."

"काका, मशीनची गॅरंटी आहे."

"पडनार मी आहो. गॅरंटी नाई पडनार."

गुल्हान्यांनी कंबरेवर हात ठेवला. इतकी वर्षं धंदा केला, ते म्हणाले, पण स्वतः कधी पडायची वेळ आली नाही, आणि आता मणक्यात गॅप आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

"तू पड."

वडिलांसाठी मुलाने काय काय करावं यात पडणं कुठे बसतं मला माहीत नव्हतं. मी चप्पल काढली, फोन गुल्हान्यांच्या हातात दिला, चिमटा टीशर्टला लावला आणि चढलो.

मुद्दाम पडणं फार अवघड असतं. हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. गुल्हान्यांनी पट्टा हळू सुरू केला आणि मी एक पाय वाकडा टाकला, पण दुसरा पाय न विचारता पुढे आला आणि त्याने सावरलं. मी दुसरा वाकडा टाकला, पहिला आला. दोघांचं आधीच काहीतरी ठरलेलं होतं.

"स्पीड वाढवतो," गुल्हाने म्हणाले. वाढवला. मी भरभर चालायला लागलो. अजून वाढवला. मी धावायला लागलो.

"पडून राह्यला का नाई?" बाबा मशीनच्या शेजारी, आरशाला पाठ करून उभे होते. तोंड रस्त्याकडे.

"पडतोय!"

"कुठं पडून राह्यला, पयून राह्यला तू."

तेवढ्यात माझा फोन वाजला. तो गुल्हान्यांच्या हातात होता, त्यांनी स्पीकर लावून माझ्यापुढे धरला.

"दांडे पाह्यले का?" आई.

"आई, मी धावतोय."

"कायले? काय झालं? बाबा कुठं आहेत?"

"बाबा उभे आहेत. मी पडायचा प्रयत्न करतोय."

मग ती म्हणाली, "दोघांपैकी एकाले तरी घरी आन," आणि फोन ठेवला.

आता पुढे जे झालं ते समजायला एसटीचा एक कायदा माहीत पाहिजे. ड्रायव्हर पुढे बघतो. कंडक्टर उतारूंकडे, म्हणजे मागे बघतो. त्यामुळे गाडी सुटल्यावर मागून जो हात वर करून पळत येत असतो, तो ड्रायव्हरला दिसत नाही. तो फक्त कंडक्टरलाच दिसतो. मग कंडक्टर छताजवळची दोरी एकदा ओढतो. सिंगल बेल, गाडी थांबते. पळणारा चढला की दोनदा ओढतो. डबल बेल, गाडी निघते. या कामात विचार करायला जागा नसते. डोळ्याला हात दिसला की हात दोरीला जातो.

मला आरशात दिसलं. काचेपलीकडे रस्त्यावरून एक बाई एका ऑटोच्या मागे पळत होत्या. एका हातात भाजीची पिशवी, दुसरा हात वर.

बाबांनाही दिसलं.

त्यांच्या शेजारी हलणारी जमीन होती, तिच्यावर एक माणूस होता, आणि हाताशी एक दोरी लटकत होती. बाबांनी ती ओढली. एकदा.

पट्टा थांबला. मी थांबलो नाही.

आधी छाती स्क्रीनवर गेली, मग मी आडवा होऊन डंबेलच्या रांगेत जाऊन पडलो. लागलं फारसं नव्हतं, पण श्वास छातीतून निघून गेला होता आणि परत येत नव्हता. तोंड उघडं, डोळे उघडे, आवाज नाही. हात उचलावा म्हटलं तर हात दुसऱ्याचा असल्यासारखा. ऐकू मात्र सगळं येत होतं.

दार उघडलं, गरम झळ आत आली, आणि तिच्यामागे पाय. चपला, बूट, एक अनवाणी.

"काय झालं बे?"

"पडला."

"असा कसा पडला? जवान पोट्टा दिसते."

"टाकून आला असन."

"दिवसाढवळ्या?"

"वास पाह्य ना तोंडाचा."

"थांब थांब, सरक जरा, काढू दे."

माझ्यावर एक फोन आला. फोनच्या मागे एक नाक आलं, माझ्या तोंडाच्या दिशेने.

"ए! मागं व्हा!"

दुकानातली एक प्लेट डंबेलवरून खाली पडली, ती या आवाजाने पडली असं गुल्हाने अजून सांगतात.

"दारातले मागं व्हा! हवा येऊ द्या! फोन खाली! तुमाले सांगितलं ना, फोन खाली!"

हा आवाज मी लहानपणी ऐकला होता, मामाकडे जाताना, भरलेल्या गाडीत, पुढच्या दारापासून मागच्या सीटपर्यंत जाणारा. त्या आवाजात कोणी 'मागं व्हा' म्हणालं की आपल्याकडचा माणूस आधी मागे होतो आणि का ते नंतर विचारतो. सगळे मागे झाले. गुल्हानेही झाले. दुकान त्यांचंच होतं.

बाबांनी दुपट्टा काढून फेकला होता. कानशिलं लाल झाली होती.

"प्याला नाई तो! पोरगा आहे माह्या! दोरी मी ओढली!"

ज्याच्या हातात फोन होता त्याने तो खाली केला. मग बाबा हळू आवाजात म्हणाले,

"मी बी प्यालो नव्हतो."

फोनवाला गोंधळला. "तुमाले कोन म्हनलं काका?"

माझ्याकडे न बघता, त्या अनोळखी फोनवाल्यालाच बाबा सांगायला लागले. आम्हाला चार महिन्यांत जे सांगितलं नव्हतं ते.

"डेअरीच्या चौकात पडलो मी. हात हलत नव्हता. पन आयकू येत होतं सारं. 'सकायी सकायी टाकली म्हाताऱ्यानं' म्हने. एक जन आला, तोंडाशी नाक आनलं, अन् सरकून गेला. दुसरा आला, त्यानं पायानं दुधाची पिशवी बाजूले केली. लोकं वळून जाऊन राह्यले होते. जसं शेणाले वळून जातात तसं." ते थांबले. "तोंड बांधून फिरावं वाटते तेव्हापासून."

"ते काय माहीत राह्यते काका," फोनवाला पुटपुटला. "आपल्याले काय समजते."

"मलेबी काय समजत होतं? जिंदगीभर पेताड उतरवले गाडीतून. कॉलर धरून. झोकांडी गेली का उतर खाली. रस्त्यात, शिवारात, कुठंबी. सारेच प्यालेले होते का, काय माहीत आता."

मला तेव्हा श्वास सापडला. मोठा आवाज करत सापडला, त्यामुळे सगळे दचकले. बाबा खाली बसले, माझ्या पाठीवर हात ठेवला.

"लागलं का?"

"नाही."

"काहून नाई सांगितलं यायले, प्यालो नाई म्हनून?"

"आवाज येत नव्हता."

"हां," बाबा म्हणाले. "नाई येत."

दाराशी कोणीतरी घसा खाकरला. भाजीची पिशवी घेतलेल्या बाई होत्या.

"माह्या ऑटो गेला ना पन," त्या म्हणाल्या.

बाबांनी वर पाहिलं. "बेल देली होती मी," ते म्हणाले. "त्यानं नाई थांबवला."

त्याच्यापुढे बाईंचं काही चालण्यासारखं नव्हतं. त्या गेल्या. बाकीचेही पांगले. फोनवाल्याने जाता जाता माझ्या चपला सरळ करून ठेवल्या. त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

गुल्हान्यांनी डंबेलची प्लेट उचलून जागेवर ठेवली आणि धंद्याला साजेसं थोडं थांबले. मग म्हणाले, "काका, दोरी काम करते."

"करते."

"मग मशीन पाठवू घरी?"

"मशीन राहू द्या. दोरी पाह्यजे."

"दोरी सुटी मिळत नाही."

"मंग कशी मिळते?"

"मशीनबरोबर."

बाबा त्यांच्याकडे नुसते बघत उभे राहिले. सुट्टे नाहीत म्हणणाऱ्या उतारूकडे कंडक्टर बघतो तसे. उतारू शेवटी आतल्या खिशात हात घालतोच. गुल्हाने आत गेले. मोटर जळालेलं एक मशीन मागच्या खोलीत होतं, त्याच्यावर ते छत्री टांगायचे. त्याची दोरी त्यांनी काढून आणली आणि पुसून दिली.

"तेवढी छत्रीची पंचाईत केली तुम्ही," ते म्हणाले.

बाहेर ऊन आता तिरपं झालं होतं. दाराबाहेर येऊन मी सवयीने ऑटो शोधायला लागलो.

"नको," बाबा म्हणाले.

त्यांनी लाल चिमटा स्वतःच्या शर्टाच्या बटणपट्टीला लावला. किल्लीचं टोक माझ्या मागच्या खिशात खोचलं. मी मान वळवून बघत राहिलो.

"मी पडलो तं किल्ली निघन," ते म्हणाले. "तुले समजन. मंग तू सांगजो त्यायले."

"कोणाला?"

"जे येतीन त्यायले. प्याला नाई म्हनून."

मी हो म्हणालो.

चार पावलं गेलो तर बाबांचा पाय माझ्या टाचेवर. हातभर दोरीत दोन माणसं चालत नाहीत, एक चालतो आणि एक शिव्या खातो. मी आईचा नाडा काढून दोरीला जोडला. दोन्ही गाठींसकट. आता आमच्यात एका ट्रेडमिलचं अंतर पडलं.

"तू पुढं," बाबा म्हणाले. "डायवर पुढं असते. अन् मागं नाई पाह्यचं."

खिशाला दोन हिसके बसले. मी निघालो.

पूर्ण रस्ता माझा जीव त्या मागच्या खिशात होता. नाडा ताणला गेला की वाटायचं, झालं. सैल पडला की वाटायचं, झालंच. लोक बघत होते. एक तरणा मुलगा पुढे, त्याला नाड्याने बांधलेला म्हातारा मागे, उघड्या तोंडाने. एका पानटपरीवरून कोणीतरी विचारलं, "काका, कोन कोनाले घेऊन चाललं?" मागून आवाज आला, "लोकल गाडी आहे, जागा नाई." एक हिसका बसला की मी थांबायचो. कधी रसवंतीच्या सावलीसाठी, कधी एका शाळकरी सायकलला रस्ता देण्यासाठी. दोन बसले की निघायचो.

डेअरीचा चौक आला.

मध्येच एक हिसका बसला. मी थांबलो.

उजवीकडून गाड्या जात होत्या, डावीकडून जात होत्या. हॉर्न वाजत होते. खिशाकडून काही नाही. माझी मान आपोआप वळायला लागली आणि मी ती धरून ठेवली. ड्रायव्हर मागे बघत नाही. आरसाही नव्हता. मी समोरच्या डेअरीची पाटी वाचली. उलटीकडून वाचली. नाडा सैल आहे की ताठ, ते बोटाने चाचपून बघायचं धाडस होईना. मला वाक्य पाठ करून ठेवायचं होतं, प्याला नाही, बाप आहे माझा, प्याला नाही, पण त्यातले शब्द पुढेमागे व्हायला लागले. एक टेम्पोवाला ओरडला, "ए भाऊ, चौकात काय देव बसवून राह्यला का?"

मग खिशाला हिसका बसला. मी थांबून राहिलो.

मग दुसरा.

घरी पोहोचलो तेव्हा आई फाटकात उभी होती, पलंग सरकवलेल्या जागेचा केर काढून. तिने बाबांकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"मशीन कुठं आहे? अन् माह्या नाडा काहून बांधला यायले?"

बाबा खुर्चीत बसले नाहीत. आत जाऊन दुधाची किटली घेऊन आले आणि माझ्या खिशाकडे हात केला.

"चाल. परतीची गाडी आहे."

याला आता सात वर्षं झाली. नाडे बरेच झाले, किल्ली तीच आहे. मला नाशिकला नोकरी लागली. सकाळी आई बाबांच्या पुढे असते, आणि ती ड्रायव्हर म्हणून फार वेगात जाते अशी तक्रार आहे. संध्याकाळी तिचे गुडघे साथ देत नाहीत. तेव्हा बाबा एकटेच जातात. चिमटा शर्टाला, नाडा हातात गुंडाळलेला, किल्लीचं टोक मोकळं. फोनवर त्यांचा आवाज थांबला की मी इथे उठून पाणी प्यायला जातो.

म्हणून खालील अर्ज केला आहे. पोच अजून आलेली नाही.

प्रति, मा. आयुक्त साहेब, यांचे सेवेशी. विषय : रस्त्यास दोरी बसवून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, आमचे राहते घर ते दूध डेअरी चौक या रस्त्यास, म्हाताऱ्या माणसाचा हात पोहोचेल अशा उंचीवर, एक लाल दोरी बसविण्यात यावी. सदर दोरी एकदा ओढली असता सदर रस्ता त्यावरील सर्व वाहने, इसम व मोबाईल यांसह जागच्या जागी थांबावा, पडलेल्या इसमाच्या तोंडाचा वास न घेता प्रथम त्यास नाव विचारण्यात यावे, आणि सदर इसम स्वतः उठून दोरी दोनदा ओढेपर्यंत शहर पुन्हा सुरू करू नये, ही नम्र विनंती.